दुष्काळाचं नियोजन आणि संगणकीय मॉडेलं: त्यांना नेमकं काय विचारायचं?

नदीकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. धरणात किती येईल, किती द्यायचं, किती राखायचं याची गणितं संगणकावर चालवणं हा माझा रोजचा उद्योग आहे. आणि दर दुष्काळात एकच प्रकार बघतो. पाणी आटलं की बैठका, समित्या, तातडीचे निधी. चार सरी बऱ्या पडल्या की सगळं थंड. अमेरिकेतले दुष्काळ-अभ्यासक डोनाल्ड विल्हाइट यांनी या चक्राची आकृतीच काढून ठेवली आहे: पाऊस, बेफिकिरी, दुष्काळ, जाणीव, काळजी, घबराट आणि पुन्हा पाऊस. २०१३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला राष्ट्रीय दुष्काळ धोरणांवर उच्चस्तरीय परिषद झाली. तिचंही सांगणं हेच होतं की संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा जोखमीचं नियोजन आधी करा.

या कामात मॉडेलांचा मोठा उपयोग आहे, पण लोक त्यांना चुकीचा प्रश्न विचारतात. "पुढचा दुष्काळ कधी?" हा प्रश्न सोडून द्या. "असा असा दुष्काळ पडला तर आपला पाणीवाटपाचा नियम कुठे मोडतो, आणि कुणावर मोडतो?" हे विचारा. याचं उत्तर मॉडेल फार चांगलं देतं.

एक अगदी छोटं उदाहरण देतो. कागदावर करता येईल.

समजा धरणाची क्षमता १०० एकक. वर्षाची मागणी ७०. त्यातलं ३० अगदी जिवाचं: पिण्याचं, जनावरांचं, दवाखान्यांचं. बाष्पीभवन वर्षाला १० धरू. गेल्या वर्षीचं शिल्लक ३०. आता लागोपाठ तीन वाईट वर्षं: आवक ५०, ४०, ३०.

नियम 'अ': आहे तोवर मागेल तेवढं द्या.
पहिलं वर्ष: ३० + ५० = ८०. दिले ७०, उडाले १०, शिल्लक ०.
दुसरं वर्ष: ४०. उडाले १०, दिले ३०, शिल्लक ०.
तिसरं वर्ष: ३०. उडाले १०, दिले २०. इथे जिवाच्या पाण्यालाही १० कमी पडले.

नियम 'ब': पावसाळा संपताना साठा ९० च्या खाली असेल तर ५० द्या, ७० च्या खाली असेल तर ४०, ५० च्या खाली असेल तर ३०.
पहिलं वर्ष: ८०. दिले ५०, उडाले १०, शिल्लक २०.
दुसरं वर्ष: २० + ४० = ६०. दिले ४०, उडाले १०, शिल्लक १०.
तिसरं वर्ष: १० + ३० = ४०. दिले ३०, उडाले १०, शिल्लक ०.

तीन वर्षांत मिळून दिलेलं पाणी दोन्हीकडे १२०च. पण एकीकडे ७०, ३०, २० आणि दुसरीकडे ५०, ४०, ३०. पाऊस एका थेंबानंही बदललेला नाही, बदलला फक्त नियम.

आता 'ब' ची किंमत बघा. पहिल्या वर्षी २० कापले आणि दुसऱ्या वर्षी आवक १०० झाली. मग २० + १०० = १२०. धरण १०० चं, म्हणजे २० सांडव्यावरून गेले. ज्यांचं पाणी कापलं त्यांचं नुकसान झालं आणि उपयोग कुणालाच नाही. हा निर्णय कुणी तरी घ्यायचा आहे, आणि तो संगणक घेऊ शकत नाही. खऱ्या मॉडेलात पायरी वर्षाची नसते, महिन्याची किंवा दिवसाची असते. अनेक धरणं, कालवे, विहिरी, शहरं, कारखाने जोडलेले असतात. पण गाभा हाच.

---

सरळ_प्रश्न

लेख आवडला, पण एक शंका आहे. येत्या महिन्याचा पाऊस नीट सांगता येत नाही आणि तुम्ही तीस-चाळीस वर्षांची गोष्ट करता. हवामान मॉडेलं तरी पावसाबाबत एकमेकांशी कुठे जुळतात? मग त्यावर धोरण उभं करायचं म्हणजे वाळूवर घर नाही का?

---

नदीकाठ

रास्त शंका. तापमान वाढणार यावर हवामान मॉडेलांचं एकमत आहे, आणि तापलेली हवा जमिनीतून, पिकातून, जलाशयातून जास्त पाणी ओढते. हवेची वाफ धरण्याची क्षमता दर अंशाला साधारण ७ टक्क्यांनी वाढते. पावसाबाबत मात्र अनेक प्रदेशांत एक मॉडेल वाढ सांगतं, दुसरं घट. म्हणूनच एक अंदाज निवडून त्यावर सगळं बांधायचं नाही. शेकडो, कधी हजारो शक्य भविष्यं घ्यायची आणि आपली योजना प्रत्येकात चालवून बघायची. ज्यात ती कोसळते ती भविष्यं बाजूला काढायची आणि विचारायचं, यांच्यात समान काय आहे? समजा असं दिसलं की आवक सरासरीच्या दहा टक्के खाली गेली आणि मागणी आहे तशीच राहिली की योजना मोडते. मग चर्चा "कोणतं हवामान मॉडेल खरं?" यावर अडून राहत नाही. "दहा टक्के घट अशक्य आहे असं इथे कुणी छातीठोक सांगू शकतं का?" यावर येते. त्यावर निर्णय घेता येतो.

ही एक प्रकारची तालीम आहे. प्रयोगाच्या दिवशी काय होईल ते तालमीत कळत नाही, पण कोण कुठे अडखळतं ते कळतं.

---

आकडेमोड

मी संख्याशास्त्राच्या बाजूनं लिहितो. 'शक्य भविष्यं' तयार कशी करायची, इथेच खरी मेख आहे.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे मागच्या नोंदी पुन्हा वापरणं. त्याचा धोका अमेरिकेतल्या कोलोराडो नदीनं दाखवून दिला. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट) वाटून दिले. आपल्या हिशेबात दोन्ही मिळून साधारण ६५३ टीएमसी (अब्ज घनफूट). पुढे १९४४ च्या तहानं मेक्सिकोला १५ लाख, म्हणजे आणखी ६५ टीएमसी. ज्या नोंदींवर हे ठरलं त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या होत्या, आणि तो काळ नेमका ओला होता. १९७६ मध्ये झाडांच्या वाढवलयांवरून कित्येक शतकांचा प्रवाह काढला तेव्हा दीर्घकालीन सरासरी १३५ लाख एकर-फूट निघाली, ५८८ टीएमसीच्या आसपास. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा थोडा वर सरकवला, तरी तो वाटलेल्या पाण्याच्या खालीच राहिला. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटून झालं होतं, आणि त्या कागदावर शहरं आणि शेती उभी राहिली.

दुसरा मार्ग कृत्रिम प्रवाहमालिकांचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या जलकार्यक्रमातून थॉमस-फीअरिंग पद्धत आली: या महिन्याचा प्रवाह मागच्या महिन्यावर थोडा अवलंबून, बाकी यादृच्छिक. अशा हजारो वर्षांच्या मालिका तयार करता येतात. पण ही पद्धत फक्त कालपरवाचं लक्षात ठेवते. निसर्गाची स्मृती त्याहून लांब असते.

ते दाखवलं ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हर्स्ट यांनी. त्यांनी हयात इजिप्तमध्ये नाईलवर घालवली. कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या नाईलमापकाच्या नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या आहेत. त्यांच्या १९५१ च्या निबंधातला निष्कर्ष असा की कोरडी वर्षं कोरड्यांना आणि ओली ओल्यांना धरून येतात, निव्वळ योगायोगानं येतील त्याहून कितीतरी जास्त. धरण किती मोठं हवं हा प्रश्न त्यामुळे पार बदलतो. एकेकटं वाईट वर्ष बहुतेक व्यवस्था पचवतात. लागोपाठची चार-पाच पचवत नाहीत. म्हणून मॉडेल बघताना माझा पहिला प्रश्न असतो: तुमच्या मालिकांमध्ये सलग किती वर्षांचा दुष्काळ येतो? नोंदीतल्या सगळ्यांत लांब दुष्काळापेक्षा लांब एकही येत नसेल तर ती चाचणी अपुरी आहे.

---

ओघळ

आकडेमोड यांच्या मुद्द्याला जोडून. पाऊस बरोबर धरला तरी पावसाचं वाहतं पाणी किती होतं, हा दुसरा सापळा आहे. माझं काम याच भागात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाऊस-अपधाव मॉडेलात (अपधाव म्हणजे पावसातलं वाहून नदीत येणारं पाणी) जमिनीची साठवण, झिरपा, मुळांची ओढ अशा गोष्टींचे आकडे असतात. ते जुन्या नोंदींशी जुळवून ठरवतात. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात १९९७ ते २००९ असा प्रदीर्घ दुष्काळ पडला. तिथल्या बऱ्याच पाणलोटांत असं दिसलं की तेवढ्याच पावसाला नदीत आधीपेक्षा कमी पाणी येऊ लागलं. पाऊस घटला हे झालंच, पण पावसाचं आणि नदीचं नातंच बदललं. आधीच्या काळावर जुळवलेली मॉडेलं त्यामुळे नदीत प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी दाखवत होती. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी मॉडेल आशावादी झालं.

याहून काळजीची गोष्ट पुढे आली. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात व्हिक्टोरिया राज्यातल्या दीडशेहून जास्त पाणलोटांचा अभ्यास आला. दुष्काळ संपून सात वर्षं झाली तरी त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त पाणलोटांचा प्रवाह पूर्ववत झालेला नव्हता. पाऊस परत आला, नदी आली नाही. आपली बहुतेक मॉडेलं गृहीत धरतात की पाऊस परतला की नदीही परतणार.

यावर अगदी साधी कसोटी आहे. जलशास्त्रज्ञ व्हीत क्लेमेश यांनी ती १९८६ मध्येच सांगून ठेवली. ओल्या वर्षांवर मॉडेल जुळवा, कोरडी वर्षं त्याच्यापासून झाकून ठेवा, आणि मग त्या कोरड्या वर्षांवर चालवून बघा. धोरणासाठी कुणी मॉडेल पुढे केलं तर ही चाचणी मागा. सगळ्या वर्षांवरचा सुंदर आलेख दाखवून भागत नाही. त्यात ओली वर्षं गुण वाढवतात आणि कोरड्या वर्षांतली चूक झाकली जाते.

---

सरळ_प्रश्न

हे वाचून माझी शंका कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मॉडेल आशावादी होतं हे तुम्हीच सांगता.

---

ओघळ

चूक कोणत्या दिशेला होते हे कळणं, हीच मोठी कमाई आहे. कोरड्या वर्षांत मॉडेल प्रवाह वीस टक्के जास्त दाखवतं असं चाचणीत निघालं, तर नियम ठरवताना तेवढी पडती बाजू धरून चालता येतं. मॉडेल न वापरणारा माणूसही मनात काहीतरी गृहीत धरूनच निर्णय घेतो. त्याचं गृहीतक तपासायला मात्र काही साधन नसतं.

---

बांधावरून

मी शेतकरी आहे, मॉडेल-बिडेल कळत नाही, पण नदीकाठ यांचा तीन वर्षांचा हिशेब कळला. उलट मला तो फारच कळला, कारण त्यातले '२०' म्हणजे मी आहे.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, वेळ. एका वर्षी आमच्याकडे पाणी कमी देणार हे पेरणी झाल्यावर कळलं. बी, खत, मशागत, सगळं घालून बसलो होतो. पिकाला शेवटच्या दोन पाण्यांची गरज असताना कालवा बंद. तेच पेरणीच्या आधी सांगितलं असतं तर कमी क्षेत्र घेतलं असतं, कमी पाण्याचं पीक घेतलं असतं. कपात तेवढीच, पण माझं नुकसान निम्मं झालं असतं. तुमच्या मॉडेलात 'कधी सांगितलं' याचा रकाना असतो का?

दुसरी, कालवा बंद झाला की माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. ज्याच्याकडे पैसा तो खोल बोअर मारतो. शेजारच्याची विहीर आटते. तुमच्या हिशेबात ४० दिले, ३० दिले, पण जमिनीखालून किती उपसलं ते कुठे आहे?

---

नदीकाठ

बांधावरून, दोन्ही मुद्दे लाखमोलाचे. बरीच मॉडेलं याच दोन ठिकाणी आंधळी असतात.

वेळेबद्दल: मॉडेलात निर्णयाची तारीख घालता येते आणि घातलीच पाहिजे. इशाऱ्याची पातळी जितकी लवकरच्या तारखेला बांधावी तितकी अनिश्चितता जास्त, जितकी उशिरा बांधावी तितकं लोकांचं नुकसान जास्त. मॉडेल हे दोन्ही मोजून दाखवू शकतं. मी तर म्हणेन, नियमाची तारीख पेरणीच्या निर्णयापासून मागे मोजत ठरवावी. बैठकीच्या सोयीनं ठरवू नये.

भूजलाबद्दल: धरणाचं मॉडेल आणि भूजलाचं मॉडेल वेगळ्या खोलीत बसवलं की तुम्ही म्हणता तेच होतं. भूजलासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मॉडफ्लो हे मॉडेल १९८४ पासून उपलब्ध आहे, तेही मोफत. ते धरण-कालव्यांच्या मॉडेलाला जोडता येतं. २००२ ते २०१७ पर्यंत ग्रेस उपग्रहजोडी आणि २०१८ पासून तिची उत्तराधिकारी जोडी गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून मोठ्या प्रदेशातलं पाणी वाढलं की घटलं ते सांगते. एका गावाच्या विहिरींसाठी ती नजर फार ढोबळ आहे, पण मॉडेलचा एकूण ताळेबंद खरा आहे का हे त्यावरून ताडता येतं.

यातच आणखी एक गोष्ट येते. ठिबकनं पाणी वाचतं असं सरसकट धरून योजना आखतात. शेताच्या बांधावर वाचतं हे खरं. पण पाटानं दिलेल्या पाण्यातलं जे मुरतं ते खालच्या विहिरीला किंवा नदीला मिळत असतं. ठिबकनंतर वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं तर मुरणारं कमी आणि पिकातून उडणारं जास्त, म्हणजे खोऱ्याचा एकूण खप वाढतो. परत मिळणारं पाणी मॉडेलात नसेल तर हे दिसतच नाही, आणि अनुदानाचं धोरण उलटं पडतं. ठिबकबरोबर एकूण उपशाची मर्यादा असावी लागते.

---

धोरणी

मी प्रशासनाच्या बाजूचा आहे. मॉडेल कितीही चांगलं असो, ते कुणाच्या टेबलावर आणि कधी येतं यावर सगळं ठरतं. दोन-तीन उदाहरणं देतो.

वॉशिंग्टनला पाणी देणारी पोटोमॅक नदी. १९६० च्या दशकात तिच्या खोऱ्यात १६ धरणांची योजना मांडली गेली होती. लोकांचा विरोध प्रचंड. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नदीचं आणि जलाशयांचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) केलं गेलं. त्यात दिसलं की वेगवेगळ्या पाणीपुरवठा संस्थांनी आपापले जलाशय स्वतंत्र न चालवता एकत्र चालवले, तर फार कमी नव्या साठ्यात भागतं. मॉडेल पडद्यावर आणून त्या संस्थांच्या लोकांनाच दुष्काळ चालवायला दिला. १९८२ मध्ये करार झाला. आजही तिथे नियमितपणे दुष्काळाचा सराव घेतात, पाणी भरपूर असलं तरी. १९९९ च्या दुष्काळात राखीव साठ्यातून पहिल्यांदा पाणी सोडावं लागलं, तेव्हा कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं.

कोलोराडोचं दुसरं पान. करारातली चूक आकडेमोड यांनी सांगितलीच. पण २००७ मध्ये तिथे नियम ठरले की मीड सरोवराची (कोलोराडोवरच्या मोठ्या जलाशयाची) पातळी १,०७५ फुटांखाली जाणार असं दिसलं की अमुक राज्याला अमुक कपात. ते ठरवताना खोऱ्याचं मॉडेल सगळ्या राज्यांच्या लोकांनी वापरलं होतं. २०१९ मध्ये त्यावर जादा कपातीची तरतूद आली. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कापलं गेलं, वाट्याच्या साधारण १८ टक्के. ती कपात करायची की नाही यावर नव्यानं वाद घालत बसावं लागलं नाही. तेवढी कपात पुरेशी मात्र नव्हती, पातळी २०२२ च्या उन्हाळ्यात आणखी खाली गेली. २००७ च्या नियमांची मुदत २०२६ पर्यंतच ठेवली होती. नियमाला मुदत असणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण नदी बदलते.

केपटाउनचं उदाहरण उलट बाजूचं. २०१५ ते २०१७ अशी तीन कोरडी वर्षं लागोपाठ आली. २०१८ च्या सुरुवातीला माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लावावी लागली. नळ बंद होण्याचा दिवस टळला, त्यात लोकांनी वापर निम्म्याहून खाली आणला याचा वाटा मोठा होता. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: शेतकऱ्यांच्या एका पाणीवापर संघटनेनं आपल्या साठ्यातलं १० अब्ज लिटर पाणी शहराला सोडलं. शहर आणि शेती यांच्यातली अशी देवघेव आधीच नियमात बसवलेली असती तर ती ऐन संकटात, तारखांकडे डोळे लावून करावी लागली नसती.

---

सरळ_प्रश्न

पोटोमॅकचं उदाहरण पटलं. सोळा धरणांऐवजी चालवण्याची पद्धत बदलली, हे मोठंच आहे.

एक आडवा प्रश्न. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं आली आहेत. त्यांनी हे सगळं सोपं होणार नाही का?

---

ओघळ

काही भाग नक्की होईल. पावसावरून नदीचा प्रवाह काढण्यात, विशेषतः जिथे मोजमाप केंद्रच नाही अशा पाणलोटांत, न्यूरल नेटवर्कांनी (नोंदींतून स्वतः शिकणाऱ्या मॉडेलांनी) गेल्या काही वर्षांत जुन्या मॉडेलांना मागे टाकलं आहे. पण वर लिहिलेला प्रश्न सुटत नाही: शिकताना न पाहिलेली परिस्थिती आली तर काय? दीर्घ दुष्काळ ही तीच परिस्थिती. तिथेही तीच चाचणी लावायची, कोरडी वर्षं झाकून ठेवायची. शिवाय वाटपाचा नियम योग्य की अयोग्य हे कोणतंही नेटवर्क ठरवणार नाही.

---

आकडेमोड

नदीकाठ यांच्या उदाहरणावर एक बारीक दुरुस्ती. बाष्पीभवन दोन्ही नियमांत १० धरलंय. प्रत्यक्षात 'ब' मध्ये साठा जास्त राहतो, म्हणजे पाण्याचा पसारा जास्त, म्हणजे उडणारंही जास्त. दोन्हीकडे एकूण १२० येणार नाही, 'ब' थोडं मागे पडेल. उथळ, पसरट जलाशयात हा फरक मोठा असू शकतो.

आणि निकाल मोजायचा कसा, यावरही एकमत आधी हवं. १९८२ पासून पाणीव्यवस्थेसाठी तीन मापं रूढ आहेत. किती वर्षं पुरलं, ही भरवशाची मोजणी. एकदा कमी पडल्यावर सावरायला किती वेळ लागला, ही दुसरी. आणि पडलं तेव्हा किती खोल पडलं, ही तिसरी. पहिल्या मापावर 'अ' जिंकतो: पहिल्या वर्षी पूर्ण मागणी भागली, 'ब' मध्ये तिन्ही वर्षं तुटीची. तिसऱ्या मापावर 'ब' जिंकतो. अहवालात फक्त 'भरवसा ९५ टक्के' एवढंच छापलं असेल तर उरलेल्या ५ टक्क्यांत काय होतं हे विचारल्याशिवाय सही करू नये.

---

नदीकाठ

बरोबर. उदाहरण कागदावर मावावं म्हणून बाष्पीभवन ठोक धरलं होतं. तीन मापांचा मुद्दा तर मूळ लेखातच हवा असा आहे.

मी चौथं मापही जोडतो: तूट कुणावर पडली. खोऱ्याची एकूण तूट १० टक्के हा आकडा निरुपद्रवी दिसतो. पण कालव्याच्या शेपटाला १०० टक्के आणि डोक्याला ० टक्के, असंही त्यात दडलेलं असू शकतं.

---

बांधावरून

मी मुलीला सांगून तुमचा हिशेब संगणकाच्या तक्त्यात मांडून घेतला. आवकेचे आकडे बदलून बदलून बघितलं. पहिल्या वर्षी कपात करून दुसऱ्या वर्षी धरण भरलं, असंही बऱ्याचदा होतं. तेव्हा माझे २० फुकट गेले. दुष्काळ आलाच नाही म्हणून सगळे खूश, आणि मी एकटा नुकसानीत. मला 'ब' नियम मान्य आहे, गावातल्या बऱ्याच जणांनाही होईल. पण त्या २० ची भरपाई नियमातच लिहिलेली पाहिजे. "बघू", "प्रस्ताव पाठवू" यावर आम्ही कपात मान्य करणार नाही. असं कुठे केलेलं आहे का?

---

धोरणी

आहे. कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये, सलग दुष्काळाच्या पाचव्या वर्षी, राज्यानं दुष्काळ जलपेढी काढली. शेतकऱ्यांकडून एकर-फुटाला १२५ डॉलर या ठरलेल्या दरानं पाणी घेतलं. त्यांनी शेत पड ठेवून किंवा भूजल वापरून ते मोकळं केलं, आणि राज्यानं ते १७५ डॉलरनं टंचाईच्या ठिकाणी विकलं. त्या मार्चमध्ये जोरदार पाऊस झाला आणि पेढीनं घेतलेल्या सगळ्या पाण्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. तुम्ही म्हणता ते 'फुकट गेलेले २०' नेमके तिथेही होते, पण त्यांचा भार राज्यानं उचलला, शेतकऱ्याचे पैसे पोचले होते. त्यात दोष राहिले: भूजलाचा उपसा वाढला, आणि शेतं पड राहिली तिथल्या मजुरांच्या गेलेल्या रोजगाराचा हिशेब नीट धरला गेला नाही.

दुसरा प्रकार दीर्घ कराराचा. शहर दर वर्षी ठरावीक रक्कम देतं आणि कोरड्या वर्षी ठरलेलं क्षेत्र पड ठेवायला सांगण्याचा हक्क मिळवतं. प्रत्यक्ष पड ठेवलं की वेगळे पैसे. रक्कम किती असावी हे ठरवायला मॉडेल फार कामाचं, कारण किती वर्षांत किती वेळा कपात येईल आणि त्यातल्या किती वेळा ती वाया जाईल, याचा अंदाज त्यातूनच येतो.

---

नदीकाठ

बांधावरून, तुमच्या तक्त्यात आणखी तीन रकाने जोडा, मग तो बैठकीत ठेवण्याजोगा होईल. पहिला, कपात कोणत्या तारखेला कळली. दुसरा, त्या वर्षी विहिरीतून किती उपसा झाला, गावानं मोजलेला, अंदाजे असला तरी चालेल. तिसरा, वाया गेलेल्या कपातीची भरपाई कोण देणार, त्याचं नाव. आवकेच्या जागी तुमच्या धरणाच्या मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी घाला आणि नंतर त्यातली सगळ्यांत वाईट दोन वर्षं पाठोपाठ दोनदा लावा, म्हणजे चार वर्षांचा दुष्काळ होईल.

ओघळ, पाणलोटाची पडती बाजू किती धरायची ते तुम्ही सुचवाल का? मी सगळी आवक सुरुवातीला १५ टक्के कमी करून चालवणार आहे.

---

ओघळ

१५ पासून सुरू करा आणि ३० पर्यंत पाच-पाचनं वाढवत न्या. ज्या आकड्याला जिवाचं ३० पहिल्यांदा तुटतं तो लिहून ठेवा. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षापासून घट जास्त धरा, जमीन कोरडी पडल्यावर पहिले पाऊस ती पिऊन टाकते. नोंदी इथे टाकल्यात तर आधी कोरडी वर्षं वेगळी काढून देते.

---

बांधावरून

नोंदी मिळवतो. पावसाळा संपला की पाणीवापर संस्थेची बैठक आहे, धरण यंदा भरलंय. त्या बैठकीत हा तक्ता ठेवायचा आहे.